एक नंबरचं घर

एकसष्ट साली दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्याला सरकारनं आखीव वसाहत बांधून दिली. घरं सगळी एका साच्यातली. तेवढाच ओटा, तेवढीच खिडकी, मागं तेवढाच संडास. जुन्या तांड्यात नायकाचं घर कुत्र्यालाही कळायचं. इथं खुद्द लखीराम नायक दोनदा भलत्याच घरात जेवायला बसला.

त्यात घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. एक नंबरचं घर देवसिंगाला गेलं, नायकाला सतरा, पार नाल्याकडं. तांड्याची भांडणं मात्र अजून नायकाच्याच ओट्यावर मिटत. तेवढाच काय तो मान उरला होता. पण वसाहत दाखवायला येणारी साहेबांची जीप थांबायची एक नंबरपाशी. पाहुणे चहा प्यायचे देवसिंगाकडं. एकदा तर फोटोवाल्यानं देवसिंगाच्या म्हशीचा फोटो काढला.

"म्हशीचा फोटो! अन् मी काय मेलो होतो?" नायक घरी येऊन म्हणाला.

"तिले शिंगं हायेत," त्याची बायको सोनीबाई भाकर थापत म्हणाली. "तुमाले काय हाये?"

त्या रात्री नायकाला झोप आली नाही. सकाळीच तो देवसिंगाकडं गेला.

"देवसिंग, आपण घरं बदलू."

"बदला ना, नायक. आत्ताच बदला." देवसिंगानं म्हैस सोडलीसुद्धा.

इतक्या सहज देऊन टाकता येतं, याचाही नायकाला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी तो नवा फेटा बांधून एक नंबरच्या ओट्यावर बसला. जीप आली. मागून दोन बैलगाड्या भरून गावोगावचे लोक उतरले.

"नायक, चला," साहेब म्हणाले. "यांना संडास दाखवा."

नायकानं दार उघडून दाखवलं.

"रोज वापरता ना?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"वापरतो."

"कसे बसता? आमाले समजून नाही राह्यलं."

साहेबांनी नायकाला मानेनंच आत जायची खूण केली. नायक फेट्यासकट आत जाऊन बसला.

तेवढ्यात फुलचंदाच्या बैलानं भीमराजाची तूर खाल्ली. दोघं भांडत सवयीनं सतरा नंबरच्या ओट्यावर गेले. तिथं देवसिंग बसला होता. म्हैस शेजारी रवंथ करत होती. नायकानं संडासाच्या झरोक्यातून मान बाहेर काढून पार नाल्याकडं पाहिलं. देवसिंग काहीतरी म्हणाला आणि दोघं मुकाट्यानं त्याच्या पाया पडले.

"अरे, मले इचारा ना!" नायक ओरडला. "काहून त्याले इचारता?"

"नायक, मान आत घ्या," मागून साहेब म्हणाले. "फोटो काढायचाय."