दुसरा गिअर का पडत नव्हता

मित्रांनो, शुक्रवारी भिवंडीतल्या कामतघरचे यंत्रमाग बंद असतात. बाकीचे दिवस इथे खडखडाटाशिवाय काही ऐकू येत नाही. त्या एका दिवशी मात्र कबुतरं ऐकू येतात, नळाचं पाणी ऐकू येतं आणि मला माझं जुनेपण ऐकू येतं. मी मोटारसायकल आहे, टू-स्ट्रोक, धूर सोडणारी. टाकीचा काळा रंग विटलाय. सीटच्या फाटक्या कडेतून पिवळा स्पंज डोकावतो.

मला कारखान्यात कुणी घडवलं ते आठवत नाही. मला आठवते ती अनंताची हळद. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे नवरदेव राहतो बाजूला, अख्खी आळी पिवळी होते. त्याच दिवशी मला दारात आणलं होतं. अनंताला लावून उरलेली हळद त्याच्या आईनं माझ्या दिव्याला फासली आणि म्हणाली की या घरात दोन सुना येतायत, एक उद्या मांडवातून येईल, एक आजच आली.

उद्याची सून म्हणजे गोदू, गणेशपुरीकडची. मी आधी आले याचा तिला फार राग. ती मला सवत म्हणायची. अनंता मला पुसायला बसला की भांडी जरा जास्तच आपटायची. पण माहेरी जाताना माझ्याच मागच्या सीटवर बसायची, आणि भातशेतांचा वारा लागला की तिचं डोकं आपोआप अनंताच्या पाठीला टेकायचं. त्यांना मूलबाळ झालं नाही. घरात तो, ती आणि ओसरीलगत मी.

अनंताचे शेडमध्ये चार माग होते. सुताची बाचकी मी आणली, कापडाचे तागे मी पोचवले. पावसात, चिखलात, मानकोलीच्या ट्रकांच्या गर्दीत मी त्याला कधी रस्त्यात टाकलं नाही. अनंता लोकांना सांगायचा, माणूस दगा देईल, ही देणार नाही. मित्रांनो, लोखंडालाही असलं बोलणं पुरतं हो. त्यावर वर्षं निघतात.

मग दोन हजार पाचचं साल उजाडलं आणि माझा दुसरा गिअर पडेनासा झाला.

माझा पहिला गिअर डाव्या पायानं खाली दाबून पडतो. पुढचे सगळे पायाच्या बोटांनी वर उचलावे लागतात. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असतो. उचल अर्धी पडली तर मी न्यूट्रलमध्येच अडकते. इंजिन नुसतं रेकतं, चाक ओढत नाही. अनंताचं तसंच होऊ लागलं. मागचे ट्रकवाले हॉर्न मारायचे, तो खाली वाकून माझ्याकडे बघायचा, जणू मी चारचौघांत त्याला उलट बोलले होते.

खरं काय ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याचा डावा पाय माझ्या गिअरखाली येत होता. पूर्वी ती उचल कशी असायची, जाग्या माणसाची. अलीकडे बोटं येत, टेकत, आणि तिथेच थांबत. उचलायचं विसरून जात. दोष माझ्या पोटात नव्हता, त्याच्या पायात होता. पण मला तोंड कुठे आहे? मी गाडी. मला हॉर्न आहे, तोही दुसऱ्यानं दाबायचा.

माझ्यावर आळ आला होता आणि तो खोटा होता. खरा ठरला तर मी भंगारात जाणार होते. खोटा ठरला तर अनंताचं काहीतरी वाईट निघणार होतं. मला दोन्ही नको होतं.

अनंतानं पहिल्यांदा मागवाल्यानं करावं तेच केलं. माग अडला की तो तेल घालायचा. तेच पातळ तेल त्यानं माझ्या गिअरबॉक्समध्ये ओतलं. माझे दात दातावर कराकरा वाजायला लागले. त्यानं मला चिंधूच्या गॅरेजात नेलं. चिंधूनं तेल काढलं, बोटावर घेऊन वास घेतला आणि हसत सुटला.

"भाऊ, हिच्यातून साड्या काढायच्या हायत का तुला?"

अनंता ओशाळला. चिंधूनं जाड तेल भरलं, क्लचची वायर ओढून घेतली, गिअरच्या दांड्याचा नट आवळला आणि मला स्वतः मानकोलीच्या नाक्यापर्यंत फिरवून आणलं. सगळे गिअर सरळ पडले. मग अनंता बसला, आणि कोपऱ्यावरच मी न्यूट्रलमध्ये रेकले.

चिंधूनं मला उघडलं. माझी चाकं, माझे दात रॉकेलनं धुऊन पोत्यावर मांडले. एकही झिजलेला सापडेना. तो स्वतःवरच वैतागला. गिअर खाली येताना ही गाडी अडत नाही, वर जातानाच अडते, आणि माझ्याकडून अडत नाही, तुझ्याकडूनच अडते, असली गाडी आपण पाहिली नाही, म्हणाला. सगळी उत्तरं त्याच्या तोंडात आली होती मित्रांनो, फक्त तो माझ्याकडे बघत होता, अनंताकडे नाही. शेवटी त्यानं हात पुसले. म्हातारी झाली ती, काढून टाक.

शुक्रवारी माग बंद, तेव्हा भंगारवाल्याकडे सोडून येतो, एवढंच अनंता घरी म्हणाला. सवत जाणार म्हणून गोदूला बरं वाटायला हवं होतं. तिनं माझ्या आरशावरचा कापूस पदरानं पुसला आणि आत गेली.

शुक्रवारी निघालो. रस्ता पाइपांसाठी खणलेला, खडी वर आलेली. वाटेत कितीदा मी न्यूट्रलमध्ये अडकले, कितीदा त्यानं डावा पाय खाली टेकला. एकदा पायातली चप्पल गळाली. मला कळलं. त्याला नाही. तो तसाच खडीवर पाय टेकत, घासत राहिला. पोचलो तर भंगाराच्या दुकानाचं शटर खाली. शुक्रवार होता ना. आयुष्य भिवंडीत काढलेला माणूस हे विसरला होता. मला वाटतं, त्याला विसरायचंच होतं.

परत आलो. तो मला स्टँडवर लावून ओसरीत चढला आणि गोदूच्या हातातला झाडू थांबला. नव्या सुनेची कुंकवाची पावलं उमटतात तसे फरशीवर ठसे उमटले होते. पण एकाच पायाचे.

"चप्पल कुठाय तुमची?"

"पायात हाय ना," अनंता म्हणाला, आणि मग त्यानं खाली पाहिलं.

गोदूनं त्याला खाली आणून माझ्याच सीटवर बसवलं. पायरीवर बसून पाय मांडीवर घेतला. तळव्यात खडीचा तुकडा रुतला होता. तिनं तो ओढून काढला. अनंता माझ्या हँडलशी चाळा करत होता, त्याला काही कळलं नाही. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बोटं वर उचला."

"उचलली की."

"न्हाय उचलली."

बोटं लोंबतच होती. गोदूनं त्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्या गिअरच्या दांड्याकडे. तिच्या ध्यानात आलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी थेट बोलली.

"बाय, तुझ्यात काय बी न्हवतं गं."

मित्रांनो, मी निर्दोष सुटले. इतकं दुःख मला कशानं झालं नव्हतं.

दवाखान्यात साखर निघाली, पुष्कळ जुनी. तिनं पायाच्या नसा हळूहळू खाल्ल्या होत्या. जखम चिघळली, दोन बोटं गेली, पाय राहिला. अजून थोडा उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. गिअरची गाडी मात्र कायमची बंद.

आता मी चिंधूकडे आहे. पैसे काय ते त्या दोघांना ठाऊक. गोदूची अट एकच होती, भंगारात घालायची नाही. चिंधूचा पाय दणकट आहे. दुसरा गिअर एका उचलीत पडतो, तिसरा, चौथाही. माझी काही तक्रार नाही. पण त्या पायाला माझ्याशी काही बोलायचं नसतं. तो येतो, उचलतो, जातो. दिवस संपला की गॅरेजात उघड्या इंजिनांच्या मधे मी उभी असते. ओसरी नाही, भांडी आपटणारं कुणी नाही.

एक मागणं आहे माझं. तुमच्या घरातलं कुणी रोजच्या कामात अडखळायला लागलं, हातातून वस्तू सुटायला लागली, तर वस्तूला बोल लावून थांबू नका. त्यांचे हात हातात घ्या. पाय मांडीवर घ्या. आम्ही वस्तू सगळ्यांच्या आधी ओळखतो, पण सांगू शकत नाही. तुम्ही विचारू शकता.

चिंधू कधीकधी मला कामतघरच्या गल्लीतून नेतो. अनंता ओसरीत खुर्चीवर असतो, पाय स्टुलावर. गोदू त्याच्याकडून बोटं उचलण्याचा व्यायाम करून घेत असते आणि तो कंटाळलेला असतो. परवा त्यांच्या दारासमोर चिंधूनं माझा दुसरा गिअर टाकला. अनंतानं आवाज ओळखला. आणि माझ्या आरशात मला दिसलं, गोदूनं न सांगता त्याचा अंगठा थोडासा वर उचलला गेला.