थंड पावलं

मित्रांनो, जिच्यात कधी कोणी आमटी वाढली नाही, अशी मी एक जुनी काशाची वाटी आहे. माझं काम पानात नाही, पावलांशी. घरात कुणाला ताप आला, की तळपायाला तूप लावायचं आणि माझ्या पाठीने घासत राहायचं. तूप काळं पडलं की माणसं म्हणायची, "वाटीन ताप वडून घेतल्यान."

सावंतवाडीच्या बाजारातून मी तोंडवलीला आले, पद्मावतीच्या लग्नातल्या भांड्यांबरोबर. तिचा नवरा दत्ताराम होडीवर मासे मारायचा. ती सोमवार धरायची, आणि मला हातात घेण्याआधी कपाळाला लावायची. वाडीतून कुणी ना कुणी मला मागायला यायचंच. फार मान होता मला.

एका पावसाळ्यात वाडीत हाडमोड्या ताप आला. पद्मावतीची लेक कावेरी त्यात सापडली. डोळे दुखले, सांधे दुखले, अंगावर पुरळ उठलं, आणि थोड्याच दिवसांत पोर पुन्हा वाळूत खेळायला लागली. घर निर्धास्त झालं. पुढच्या पावसाळ्यात ताप परत वाडीत शिरला, तेव्हा चुलतसासू चंद्रावती म्हणाली, "कावेरीक काय्येक होवचा नाय. तिका एकदा येवन गेलोहा."

देवीचे फोड एकदा येऊन गेले की जन्मात पुन्हा येत नाहीत, हे म्हातारीने डोळ्यांनी पाहिलेलं. तोच न्याय तिने या तापाला लावला. म्हणून शेजारची विमला तापाने पडली, तेव्हा तिला पेज द्यायला आणि तिच्यापाशी बसायला कावेरीलाच पाठवू लागले. विमलाच्या पडवीत पाण्याची मडकी उघडी असायची, आणि पांढऱ्या ठिपक्यांचे डास भरदिवसा त्यांच्याभोवती फिरायचे. कुणाचं लक्ष नव्हतं.

कावेरी तापली. पद्मावतीने ग्रामदेवाला नारळ बोलला. ताप उतरेल त्याच दिवशी पोरीला पायावर आणून घालीन, असा नवस केला, आणि नामस्मरण करीत मला तिच्या तळव्यांवर फिरवत राहिली.

मग एका सकाळी ताप उतरला. चंद्रावतीने नातीच्या कपाळाला हात लावला आणि हसली. "गेलो गो बाय! वाटीन काम केल्यान. पद्मा, पोरीक न्हाणय, नारळ काढ. देवाक ताटकळत ठेवू नये."

सगळे माझं कौतुक करीत होते, आणि मी मात्र भीतीने गारठले होते. ताप उतरलेली पावलं मी पुष्कळ पाहिली होती. ती कोमट असतात. कावेरीची पावलं विहिरीच्या तळच्या दगडासारखी होती, थंड आणि ओली. पण वाटीला वाचा कुठली?

पद्मावतीने शेवटचं म्हणून मला फिरवलं आणि तिचा हात थांबला. "काकी, पाय असे गार कित्या?"

"ताप गेलो तर गारच होतले. की तापलेलेच व्हये तुका?"

"आये, पोटात दुखता," कावेरी पुटपुटली. तिच्या हिरड्यांना रक्त लागलं होतं.

पद्मावती उठली. "अवो, होडी काढा. मालवणाक जावया, डाक्टराकडे."

"आणि नवस?" म्हातारी घाबरली. "देवाचो सबूद मोडतलंस?"

"मोडूक नाय, काकी. वायच थांब म्हणान सांगतंय. देव थांबता. माजा पोर थांबूचा नाय." आयुष्यात पहिल्यांदाच तिने देवाला थांबायला सांगितलं होतं.

होडीत ती पोरीचे पाय मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या ओच्यात होते. ती तळवे चोळत होती, तरी ते गारच. लाटांच्या आवाजात पोरीचा श्वास ऐकू येईना.

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि लगेच सलाईन लावलं. "असा ताप हिला आधी आला होता?"

"गेल्या पावसात," दत्ताराम म्हणाला. "मगे परत कसो इलो?"

"या तापाच्या जाती निराळ्या असतात. भाऊभाऊ समजा. घराच्या राखणदाराने एका चोराला हाकललं. पुढच्या साली त्याचा भाऊ आला. तोंडावळा ओळखीचा, म्हणून राखणदारानेच त्याला आत घेतलं. मग भानावर आल्यावर अशी काठी फिरवली, की घरातली मडकीच फुटली. शरीराचंही कधीकधी असंच होतं. हिच्या नसांतून पाणी पाझरतंय, आणि ते ताप उतरतानाच सुरू होतं. सगळ्यांना होत नाही. कुणाला आणि का, ते आम्ही अजून शोधतोच आहोत."

बाटली थेंब थेंब रिकामी होत गेली. पद्मावती पायथ्याशी बसून होती, ओठ हलत होते. खूप वेळाने तिने तळव्याला हात लावला, आणि तिथेच डोकं टेकून रडली. पावलं कोमट झाली होती.

कावेरी वाचली. पुढे गोळ्या आल्या, माझी जागा वरच्या फळीवर गेली, अंगावर हिरवट डाग चढले. त्याचं मला दुःख नाही. पण शेजारी कुणी आनंदाने "ताप उतारलो!" म्हणालं, की मी अजून शहारते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, पण माझ्यावर विसंबू नका. मी ताप ओढत नाही, नुसती पावलांना शिवते. पाण्याची भांडी झाकून ठेवा, ताप आणणारे डास त्यांतच वाढतात. एकदा येऊन गेला म्हणून या तापाला ओळखीचा समजू नका. आणि ताप उतरला की लगेच उठू नका. आजाऱ्याच्या पायाशी अजून थोडं बसा, तळव्यावर हात ठेवून.