चष्म्याच्या दुकानासमोरची वीस पावलं

रस्त्यावरचे पांढरे पट्टे, बाण, शाळेपुढचं झेब्रा क्रॉसिंग, सगळं मी रंगवतो. नगरपालिकेत सव्वीस वर्षं झाली. मी रंगारी आहे म्हटलं की लोक खोल्यांच्या भिंतींचा भाव विचारतात, आणि माझं डोकं फिरतं. भिंत जागची हलत नाही, तिच्यावरून कुणी जात नाही. तिला रंगवण्यात कसला आलाय मोठेपणा? माझ्या रेषेवर माणसं जीव सोपवून चालतात. हे मी बायकोला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते शेवटचं वाक्य तीच माझ्या आधी म्हणून टाकते.

तीन महिन्यांपूर्वी नगरपालिकेने मोठ्या रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी हिरवी पट्टी काढली. बाजारापासून हॉस्पिटलपर्यंत चार किलोमीटर, मोटारी आत घुसू नयेत म्हणून कडेला बुटके खांब. त्याआधीच मोठ्या वयाच्या बायकांसाठी सायकलचे वर्ग काढले होते, हेल्मेटं वाटली होती. माझी बायको हॉस्पिटलच्या शिवणखात्यात चादरी आणि ऑपरेशनचे झगे शिवते. पन्नासाव्या वर्षी ती त्या वर्गात जाऊन बसली आणि सहा आठवड्यांत सायकल शिकली. पूर्वी दोन बस बदलून सव्वा तास लागायचा, आता वीस मिनिटं. संध्याकाळी घरात शिरते ती गुणगुणत शिरते. हे गुणगुणणं मी लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ऐकलं होतं, त्यानंतर आत्ताच.

आणि सोमवारी इंजिनिअरबाईंनी मला बोलावून सांगितलं की पट्टी बहुतेक काढावी लागणार.

"प्रयोग होता तो, तीन महिन्यांचा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी समिती बघायला येते आहे. दुकानदार म्हणतात, सायकलवाले पट्टीतून जातच नाहीत, मोटारींच्या मधे येतात, मग आमच्या गाड्या लावायची जागा का अडवली? आणि त्यांच्याकडे फोटो आहेत."

त्यांनी फोटो टेबलावर पसरले. खरंच, पट्टी मोकळी आणि सायकली रस्त्यात. मी बघत राहिलो आणि एकदम लक्षात आलं, सगळ्या फोटोंत मागे तीच पाटी होती, चष्म्याच्या दुकानाची.

"बाई, हे सगळे एकाच जागचे आहेत."

"हो, पण का? पट्टी तुम्ही रंगवली आहे. तुम्हाला काही सुचतंय का?"

त्या रात्री माझी झोप उडाली. चार किलोमीटर सरळ जाणारा माणूस नेमका तिथेच का वाकडा होतो? ते मलाच हवं होतं जाणून. शिवाय घरी मी काहीच बोललो नव्हतो. पट्टी गेली तर बायको मोटारींतून सायकल चालवणार नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "पट्टी आहे म्हणून मी आहे," हे तिचे शब्द.

मंगळवारी सकाळी सातला, बायको कामावर निघून गेल्यावर, मी चष्म्याच्या दुकानासमोर रंगाचा रिकामा डबा पालथा घालून बसलो. चष्मेवाला पायऱ्या धूत होता, पाणी वाहून रस्त्यावर येत होतं. त्याने मला चहा दिला आणि विचारलं, "काय बघताय?"

"सायकलवाले इथे बाहेर का पडतात ते."

"पडतात?" तो म्हणाला. अकरा वर्षं तो त्या दारात बसतोय. दुकान चष्म्यांचं, आणि हे उत्तर!

पडत होते. दूधवाला आला, वीस पावलं पट्टीबाहेर, पुन्हा आत. कॉलेजातल्या दोन मुली, तसंच. पोस्टमन तसाच. मी पोस्टमनला थांबवलं.

"तुम्ही इथे पट्टी का सोडता?"

"मी? मी तर पट्टीतूनच जातो."

"आत्ता सोडलीत की!"

"छे! उगाच काहीतरी." तो चक्क रागावून निघून गेला. दूधवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सवय." कसली सवय, ते त्यालाही सांगता येईना. लबाडी करत नव्हते ते. त्यांच्या डोक्याला पत्ताच नव्हता. हँडलला मात्र ठाऊक होतं.

मी एकेक संशयित तपासला. आधी दुकानाची पाटी. डोळ्यांवर चमकत असेल म्हणून चष्मेवाल्याकडून दोन तास झाकून घेतली. काही फरक नाही. मग पायरीवर झोपणारा कुत्रा. त्याला बिस्किटाच्या लालचीने कोपऱ्यावर नेलं. फरक नाही, फक्त कुत्रा माझ्यामागे लागला. मग झाडाची सावली, मग खांबांमधलं अंतर, जे मी टेपने तीनदा मोजलं. एक गोष्ट तेवढी वहीत लिहिली: सकाळी जवळजवळ सगळे बाहेर पडतात, दुपारी निम्मेच. त्यापुढे मी कारण लिहिलं, "सकाळी घाई." किती शहाणा मी!

रस्त्याचा संशय मला आलाच नाही. येणार कसा? ती वीस पावलं म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. उद्घाटन तिथेच झालं होतं, चष्म्याच्या दुकानासमोर फुटपाथ रुंद आहे म्हणून. वर्गातल्या बायकांनी आधी सायकल चालवायची आणि सगळ्यांत पुढे माझी बायको, असं ठरलं होतं. त्या तुकड्यावर मी रंगाचे तीन हात दिले. हिरवागार, आरशासारखा. तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. त्यात मागच्या बायका सायकलवर आहेत आणि माझी बायको मात्र एक पाय जमिनीला टेकवून उभी. पाहुणे आले की मी दाखवतो, "ही बघा आमची चॅम्पियन, सायकल चालवता चालवता चालणारी!" पाहुणे हसतात. ती आत निघून जाते.

बुधवारी संध्याकाळी शेवटी मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सव्वीस वर्षं रस्ते रंगवताय. त्या पट्टीतून कधी सायकलवरून गेलात?"

"मला काय गरज?"

"उद्या सकाळी माझी सायकल घ्या."

गुरुवारी चष्मेवाला पायऱ्या धूत असताना आम्ही तिथे पोचलो. मी सायकलला हात लावून तीस वर्षं झाली होती. तिने मला तसंच चढू दिलं नाही. वर्गात शिकवलेलं सगळं करायला लावलं. टायर दाबून हवा बघायची, दोन्ही ब्रेक दाबायचे, चेन फिरवून बघायची. हेल्मेटचा पट्टा तिने स्वतः माझ्या हनुवटीखाली ओढला, जरा जास्तच घट्ट.

"सरळ जा," ती म्हणाली. "पट्टी सोडायची नाही."

निघालो. लटपटलो, मग जमलं. वाऱ्याने बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. माझा हिरवा तुकडा जवळ आला. पाणी पडून तो झगमगत होता. मी जरासा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक माझ्या खालून निघून गेलं.

पडलो तो थेट माझ्याच रंगावर. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. उठायला हात टेकला तर तळवा सरकला. पुन्हा टेकला, पुन्हा सरकला. मग मी तसाच बसून तो रंग हाताने चाचपत राहिलो, आणि मला सगळं समजलं. सकाळची घाई नव्हतीच, सकाळचं पाणी होतं.

या रंगावर रेती टाकायची असते. रंग ओला असतानाच मुठीने बारीक रेती उधळायची, म्हणजे चाकाला पकड मिळते. उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. पण रेतीने रंगाची चमक जाते, तो भुरकट दिसतो. उरलेल्या सगळ्या पट्टीवर मी रेती टाकली होती. या वीस पावलांवर टाकली नाही, कारण इथे फोटो निघणार होता. बायको पहिली जाणार होती. मला ती झगमगत्या रंगावर हवी होती.

ती शेजारी उकिडवी बसली. हसली नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"उद्घाटनाच्या दिवशीच सांगितलं होतं तुम्हाला. म्हटलं, अहो, इथे चाक सरकलं माझं, पाय टेकावा लागला. तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवत होतं. चार लोकांत म्हणालो होतो, "घाबरलीस, दुसरं काय!"

"पुन्हा का नाही सांगितलंस?"

"त्यानंतर तुम्ही तो फोटो भिंतीवर लावलात," ती म्हणाली. "आणि मी रोज इथे उतरून चालायला लागले."

दोन दिवस मी कुत्र्याची चौकशी केली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. कोपर चुरचुरत होतं, पण लाज त्याच्याहून जास्त वाटत होती.

मी तसाच इंजिनिअरबाईंकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, समितीसाठी अहवाल लिहायला घेतला आणि मधेच थांबल्या. "'काही भागाचा पृष्ठभाग गुळगुळीत आढळला' असं लिहिते. कुणाचं नाव नको."

चांगल्या मनाच्या आहेत त्या. मलाही क्षणभर मोह झाला. सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एक डाग नव्हता.

"नको," मी म्हणालो. "रंगाऱ्याने रेती टाकली नाही, असं लिहा. दुकानदारांना कळू दे, चूक सायकलवाल्यांची नव्हती."

दुपारभर आम्ही मशीनने तो तुकडा घासला. तीन हातांची हिरवी भुकटी माझ्या भुवयांवर बसली. मग एकच हात दिला आणि मुठीमागून मूठ रेती टाकली, जरा जास्तच. दिसायला अगदी मळका, जुन्या पायपुसण्यासारखा.

शुक्रवारी समितीचे पाच जण आले. चष्मेवाल्याला मी मुद्दाम सांगितलं होतं, पायऱ्या रोजच्यासारख्या धू. त्याने दोन बादल्या जास्तच ओतल्या. सुरुवातीला दूधवाला सवयीने बाहेर पडला. मग पोस्टमन आला. हँडल जरासं थरथरलं, आणि तो पट्टीतूनच सरळ गेला. त्याच्यामागून कॉलेजच्या मुली. मग लांबून घंटी वाजली. बायको येत होती, त्या दिवशी मुद्दाम उशिरा निघून. ओल्या तुकड्यावर तिने ब्रेक दाबून पाहिला, सायकल जागच्या जागी धरली, पुन्हा पायडल मारलं आणि निघून गेली. पाय टेकला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

समितीने आणखी एक वर्ष दिलं. मला ताकीदपत्र मिळालं, तेही रास्तच.

परवा पाहुणे आले होते. त्यातल्या एकाने फोटो पाहून विचारलं, "वहिनी तेवढ्या पाय टेकून का उभ्या आहेत?"

बायको उठून आत निघाली.

"थांब," मी तिला म्हणालो, आणि पाहुण्याकडे वळलो. "रंग मी चुकीचा लावला होता. तिचं चाक सरकलं. पडली नाही, कारण ती चांगली चालवते."

ती दारात उभी राहिली. मग परत येऊन खुर्चीत बसली.