नव्या पितळेचा थकलेला रेडिएटर

बोलायला बसलोय खरा, पण दमानं बोलेन. मी एका मोटारीचा रेडिएटर. इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्या वरच्या टाकीत येतं, तांब्याच्या बारीक जाळीतून निवत निवत खालच्या टाकीत उतरतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. जन्मभर एवढंच केलं. आता कासारवाडीला करीमभाई मिस्त्रींच्या फळीवर आडवा पडून आहे.

माझा जन्म विलायतेतला. एका साहेबाच्या गाडीबरोबर बोटीनं आलो. देश स्वतंत्र झाल्यावर साहेब मायदेशी गेला, गाडी इथंच राहिली. दोन हात फिरून ती चिंचवडच्या सोपानरावांकडे आली. ते चाकण-चिंचवड उतारू वाहायचे. साहेबाच्या वेळी गाडीत दोन माणसं बसायची, आता नऊ बसू लागली. पाणी म्हणून मिळेल त्या विहिरीचं खारं पाणी माझ्या पोटात जाऊ लागलं.

माणसांची एक सवय मी पाहिली. गाडी नीट पोचली की ते इंजिनाची तारीफ करतात. थांबली की पहिली शिवी मला.

तसा मी तेव्हाच खंगलो होतो. टाक्यांचा पत्रा कागदासारखा झाला होता. वरची रबरी नळी चिरली होती. सोपानरावांना दिसत होतं. पण लग्नसराई होती. त्यांनी नळीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, वरून तार आवळली.

त्रेपन्न सालचा वैशाख. चाकणहून पुनावळ्याला वऱ्हाड निघालं होतं. मोशीच्या पुढं तारेखालून पाणी गळायला लागलं. उरलेलं माझ्यात खदखदू लागलं, नाकातोंडातून वाफ. गाडी थांबली.

नवऱ्या मुलाचे मामा उद्धवराव खाली उतरले. "अहो सोपानराव, मुहूर्त टळंल! पाणी घाला की बिगीनं!"

"जरा निवू द्या, मामा."

"निवायला वेळ हाय का आपल्याकडं?"

सोपानरावांनी खांद्यावरचा पंचा हातावर घेतला आणि माझं झाकण फिरवलं. मी खूप धरून ठेवलं. पण झाकण सैल झाल्यावर उकळतं पाणी धरायची ताकद माझ्यात नव्हती. झाकण उडालं, आणि सगळा लोट त्यांच्या उजव्या हातावर, गालावर आला.

त्यांची ती किंकाळी मी विसरलेलो नाही.

मागून एक मालट्रक आला. वऱ्हाड त्याच्यात चढून गेलं, उद्धवरावसुद्धा. मागं राहिल्या फक्त अंबूबाई, नवऱ्या मुलाची आत्या. वाटेत प्यायला आणलेली कळशी त्यांनी सोपानरावांच्या हातावर सावकाश ओतली. संपली तशी शेजारच्या मळ्यातून पुन्हा भरून आणली.

"आत्याबाई, तुमचं लगीन चुकलं की," सोपानराव कण्हत म्हणाले.

"लागंल माझ्याबिगर. तू हात हलवू नगंस."

दुपार कलेपर्यंत, बैलगाडी मिळेतो, त्या बसून होत्या. भाच्याच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

हात वाचला, पण तीन बोटं आखडली ती कायमची. सोपानरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, अंगणात ओढून आणलेल्या गाडीकडे बोट दाखवलं.

"तो मेला डबा आधी भंगारात घाला."

"त्याचा काय दोष गं?" सोपानराव म्हणाले. "फाटकी नळी मी बांधली. झाकण मी उघडलं. त्यानं सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई."

माझ्या बाजूनं जन्मात कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य.

तीन महिन्यांनी त्यांनी मला करीमभाईंपुढं ठेवलं. "असा करा, की पुन्हा कुणाला भाजायला नको."

करीमभाईंनी मला उलटंपालटं करून बघितलं. "जाळी चांगली आहे. टाक्या मात्र दोन्ही टाकाव्या लागतील. आणि ही नळी? तौबा! ही तुम्ही वापरत होता?"

सोपानरावांनी नळीवरची तार स्वतःच सोडवायला घेतली.

करीमभाईंनी जाड पितळी पत्रा घेतला आणि ठोकून ठोकून दोन नव्या टाक्या घडवल्या. कडा दुमडून वितळल्या कथलाचा दुहेरी डाख लावला, टाक्या जाळीला पक्क्या सांधल्या. देहूरोडच्या लिलावात निघालेल्या लष्करी नळ्या आणल्या, आत कापडाचे तीन थर असलेल्या. प्रत्येक तोंडाला दोन दोन पट्ट्या आवळल्या. मग माझी तोंडं बंद करून मला हौदात बुडवलं आणि आत हवा भरली. दोघं पाण्यावर वाकून बुडबुडा शोधत राहिले. एकही आला नाही. सोपानराव आखडल्या हातानं डोळे पुसत होते.

त्यानंतर सहा वर्षं मी एकदाही उतू गेलो नाही. पिंपरीला कारखाने उठत होते. गवंडी, फिटर, पहिल्या शिफ्टचे कामगार, सगळे माझ्यामागं बसून गेले. इंदुताई दोन वर्षं गाडीत बसल्या नाहीत. मग लेकीकडे नातवाच्या बारशाला चाकणला जायचं निघालं तेव्हा बसल्या, वाटभर बॉनेटवरची नजर न काढता. उतरल्यावर समोर आल्या आणि दबकत तळहात माझ्या जाळीवर ठेवला. "फार न्हाई हो तापलेला," एवढंच नवऱ्याला म्हणाल्या.

पण टिकाऊ होण्याचंही एक दुखणं असतं. फुटका होतो तेव्हा झाडाखाली घटकाभर निवायला तरी मिळायचं. फुटेना झालो, तसं कुणी थांबेना. टाक्या नव्या, नळ्या नव्या, आणि मधे मी तोच जुना. विहिरींचा क्षार साठून साठून जाळीच्या वाटा बुजत गेल्या. श्वास पुरेनासा झाला.

गेल्या महिन्यात इंजिनानंच मान टाकली. गाडी मोडीत निघाली. सोपानराव आता एका कारखान्यात पहारेकरी आहेत. आज सुट्टी काढून आले.

"जाळी गेली," करीमभाई म्हणाले. "टाक्यांना मात्र काही झालं नाही. देहूरोडच्या एका मालट्रकला नवी जाळी घालतोय, तिला या लावू म्हणतो. घाटात चालते ती गाडी."

खरं सांगू? मला नको होतं. वितळवा, हवं तर लोटा करा, पण आता ते ऊन नको, तो घाट नको. मी सोपानरावांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी आखडल्या बोटांनी माझ्या टाकीची कड चाचपली.

"ड्रायव्हर कोण हाय?"

"भैरू म्हणून आहे. नवीनच लागलाय. घाईचं पोरगं."

"मग लावा," सोपानराव म्हणाले. "याच लावा."

मीही मग हट्ट सोडला. एवढंच मागणं आहे, नळ्या वेळेवर बदला आणि अधूनमधून सावलीला उभं करा.

करीमभाईंनी स्टोव्हची ज्योत मोठी केली आहे. सोपानरावांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलंय. पहिला डाख पाघळून थेंबानं खाली पडला, टाक्या जाळीपासून सुटताहेत. बोलणं आता अवघड होतंय. येतो.