पाणबुड्याचं खोकं आणि सातवं पान

मी एक खोकं बोलतेय. पुठ्ठ्याचं, रिकामं, एका कानाला फाटलेलं. आता यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला शहाणा म्हणेन! नाही ना पटत? बरं झालं. ज्यांना पटकन पटतं, त्यांना मी जास्तच थापा मारते.

आणि खोकं असले तरी मी बाईच हं. तीस-पस्तीस वर्षं पोटात एक गोष्ट ठेवून तोंड मिटून बसायचं, हे बाप्यांच्या जातीला जमलं असतं का? शिक्षण म्हणशील तर अर्धवटच. पाठीवर जेवढं छापलंय तेवढंच येतं, तेही उलटं.

माझा जन्म छापखान्यातला. अंगावरची शाई ओली होती तेव्हाच एका बाईनं मला घड्या घातल्या, कान खोचले आणि पोटात दोन लेकरं घातली. एक कॅसेट. गाण्याची नव्हे, व्हिडिओ गेमची; मशीनमध्ये खुपसली की टीव्हीवर खेळ सुरू. ती पहिल्यापासून उंडारकी. दुसरी पुस्तिका, चोवीस पानांची. गरीब पोर, तिला कुणी हाकसुद्धा मारायचं नाही.

माझ्या झाकणावरचं चित्र बघायला हवं होतंस! पिवळं शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या, हातात मोती, आणि त्याच्यावर आठ हात पसरलेला हा एवढा ऑक्टोपस. लोक दुकानात मला बघून थबकायचे. घरी नेऊन कॅसेट लावली की पाणबुड्या म्हणजे चार पिवळे चौकोन, आणि ऑक्टोपस भोपळ्याच्या बीएवढा. लबाडी म्हणशील तर म्हण. लग्नाच्या फोटोत तुम्ही तरी कुठे तुमच्यासारखे दिसता?

मी ज्या घरात गेले तिथे दोन मुलं. मोठी ताई, दहा वर्षांची. धाकटा फुग्या, सहाचा. रुसला की गाल फुगायचे, म्हणून फुग्या. आईनं दोघांना मिळून एक मशीन आणलेलं. त्याला दोन रिमोट. एक फुग्यानं पहिल्या दिवशी धरला तो सोडलाच नाही. दुसरा कागदी पट्टी लावलेल्या पिशवीत तसाच राहिला.

"आता मी," ताई म्हणायची.

"एकट्यानंच खेळायचा गेम आहे." फुग्या पुस्तिका नाकासमोर धरायचा. "इथे लिहिलंय बघ." आणि लगेच मिटायचा.

ताईनं महिनाभर हे खरं मानलं. मग एका दुपारी फुग्या शाळेत असताना तिनं पुस्तिका काढली, आणि इंग्रजी शब्द लावत लावत सातव्या पानावर आली. तिथे लिहिलं होतं: दुसरा रिमोट जोडा, वरचं आणि खालचं बटण एकदम दाबा, हिरवा पाणबुड्या पाण्यात उतरेल.

पोरगी लालबुंद! शहाणी असती तर पान त्याच्या नाकावर आपटलं असतं. पण ताई ती ताईच. "मला फसवतोस काय? आता बोंबलत बस," असं म्हणून तिनं पुस्तिका माझ्या पोटात टाकली आणि मला आपल्या कपड्यांच्या तळाशी दडवलं. कॅसेट तेवढी मशीनमध्ये राहिली. आठ दिवस छळायचं, मग द्यायचं, असा बेत.

फुग्यानं दुसऱ्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं. आईनं विचारलं, "खोकं कुठंय?" ताईच्या तोंडून निघून गेलं, "रद्दीवाल्यानं नेलं असेल."

झालं. रद्दीवाला पुढच्या खेपेला आला तशी आईनं त्याला दारातच धरला. तो बिचारा शपथा घेतोय, आई त्याला चोर म्हणतेय, आणि मी झग्यांखाली गुदमरतेय. तो पुन्हा त्या गल्लीत आला नाही. सांग आता, नवव्या दिवशी ताई मला बाहेर कशी काढणार? खोटं म्हणजे चिकट पिठासारखं, एक बोट काढायला जावं तर दुसरं अडकतं.

तर मी राहिले ते राहिलेच. ताई मोठी झाली, कपडे शिवायला लागली, तिनं स्वतःचं दुकान टाकलं. मला फेकायचा धीर नाही आणि दाखवायचा तर नाहीच. म्हणून तिनं उरलेल्या अस्तराचं मला झबलं शिवलं, पुस्तिका तळाशी ठेवली आणि वरून बटणं भरली. शिलाई मशीनशेजारच्या फळीवर माझी जागा. एकदा गरम इस्त्री टेकली माझ्या पाठीला. हाय हाय केलं, पण खोक्याचं कोण ऐकतं!

फुग्या दातांचा डॉक्टर झाला. आणि त्याला नाद लागला जुन्या गेमांचा. घरात काचेचं कपाट, त्यात कॅसेटी, प्रत्येकीला तिचं मूळ खोकं आणि मूळ पुस्तिका. फक्त पाणबुड्याची कॅसेट उघडी, लंकेची पार्वती. डॉक्टर कुठे कुठे म्हणून नाही शोधत होता मला! आणि दर महिन्याला दुकानात येऊन माझ्यावर कोपर टेकून म्हणायचा, "ताई, शर्टाचं बटण तुटलंय." स्वतःच्या हातानं माझ्या पोटातून बटण निवडायचा. मला इतकं हसू यायचं की बटणं खुळखुळायची.

एका शनिवारी तो पँट कमरेत घट्ट करून घ्यायला आला. चेहरा खुललेला.

"ताई, पाणबुड्याचं खोकं मिळालं!"

ताईच्या हातातली कात्री थांबली. माझी तर गाळणच उडाली.

"कुठे?"

"आपल्या घड्याळवाल्याकडे. त्यालाही माझ्यासारखाच नाद. त्याच्याकडे दोन आहेत. एक देतोय, पुस्तिकेसकट."

"खोकं काय करायचंय रे? खेळ तर कॅसेटीत असतो."

"तुला नाही कळायचं. खोक्याशिवाय कॅसेट म्हणजे मुळाशिवाय दात."

"दात तोंडात लागतो, कपाटात नाही. खेळतोस का कधी?"

"छे! झिजेल ना."

"मग खोकं फुकट देतोय तो?"

"फुकट कसं? आपलं जुनं मशीन देतोय मी. उद्या चार वाजता येणार आहे न्यायला."

"आईनं आणलेलं?"

"तसली मशीनं मिळतात गं ढिगानं. पण आपल्याचा दुसरा रिमोट पिशवीतून निघालेलाच नाही, पट्टीसुद्धा शाबूत. म्हणून त्याला हवंय. म्हणतो, असा कोरा रिमोट जन्मात बघितला नाही."

पँट उलट्या बाजूनंच शिवली ताईनं, आयुष्यात पहिल्यांदा. तो कोरा रिमोट कुणाच्या वाट्याचा होता, हे तिला ठाऊक, मला ठाऊक. मशीन वाचवायचं तर मला झबल्यातून काढायला हवं. मला काढलं तर तीस वर्षांचं खोटं बाहेर. आणि आई तर आता उरली नाही, रागावून मोकळी व्हायला.

दुकान बंद करताना तिनं मला खाली घेतलं आणि बटणं ताटात ओतली. "चल गं म्हातारे," म्हणाली, "दोघी मिळून शिव्या खाऊ."

रविवारी चार वाजता डॉक्टरच्या बैठकीत टेबलावर स्वच्छ पंचा, पंचावर घड्याळवाल्याचं खोकं. माझीच बहीण, पण काय तो तोरा! कधी कुणाच्या घरी नांदलेलीच नाही ना. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसलेला, बाजूला आपलं मशीन बांधून तयार. ताई आली, मला शेजारी ठेवलं आणि झबलं वर ओढलं.

डॉक्टर बघतच राहिला. "हे कुठे मिळालं?"

"माझ्या फळीवर. तू ज्यातनं बटणं घेतोस ते. रद्दीवाल्यानं नव्हतं नेलं. मी लपवलं होतं."

फुग्याचे गाल फुगले. चाळिशीचा माणूस, पण तेच गाल. "आईनं त्या माणसाला चोर म्हटलं, ताई!"

"हो."

"दारात. सगळ्या गल्लीसमोर."

"मी आतून ऐकत होते. मला अजून ऐकू येतं ते."

तेव्हा मीसुद्धा चावटपणा केला नाही, कधी नव्हे ते.

"का पण?" डॉक्टरनं विचारलं.

"सातवं पान उघड."

त्यानं उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली मान घालून पुटपुटला, "मला तेव्हा वाचता येत नव्हतं."

"काय?"

"इंग्रजी अक्षरं तेवढी यायची. मी वाचल्याचं सोंग करायचो."

"मग एकट्यानं खेळायचं, हे कुठून काढलंस?"

त्यानं माझ्या झाकणावर बोट ठेवलं. "चित्रात एकच पाणबुड्या आहे."

घ्या! म्हणजे मूळ पाप माझं. चित्रकारानं दुसरा पाणबुड्या काढायला घेतला होता, पण ऑक्टोपसनं सगळी जागा खाल्ली. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

ताईला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसायला लागली. "मूर्खा, एकदा मला वाचायला दिली असतीस तर!"

"आणि तू एकदा भांडली असतीस तर!"

एवढ्यात घड्याळवाला माझ्यावर ओणवा झाला. "डॉक्टर, पाठीला इस्त्रीचा डाग आहे, कान फाटलाय. पण पुस्तिका! अहो, एकही पान दुमडलेलं नाही. राहू द्या मशीन, मला ही पुस्तिका द्या, माझी घ्या. नाहीतर असं करू..."

डॉक्टर ऐकत कुठे होता! त्यानं मशीनची दोरी सोडली आणि दुसरा रिमोट उचलला.

"अहो, पिशवी नका फाडू!" घड्याळवाला असा किंचाळला, जसं कुणी विहिरीत पडलंय.

पिशवी हातानं फाटेना, तशी डॉक्टरनं दातानं फाडली. दातांनी पिशव्या फाडू नका, असा दवाखान्यात फलक लावणारा माणूस! झिजेल म्हणून जपलेली कॅसेट मशीनमध्ये खुपसली, रिमोट ताईच्या हातात दिला. म्हणाला, "घे. आता तू."

ताई पहिल्याच मिनिटाला ऑक्टोपसच्या तोंडात गेली. "तू ढकललंस!" "तू मध्ये आलीस!" "मला चष्मा घालू दे!" "चष्म्यानं काय होणार, खालचं बटण दाब!" घड्याळवाला भिंग काढून आधी कपाळाला हात लावून बसला, मग पुढे सरकला, मग टीव्हीला टेकला. अंधार पडायच्या आत तीनदा विचारून झालं, "पुढची पाळी माझी का?" बिचाऱ्याकडे दोन खोकी होती, खेळायला कुणी नव्हतं.

तर खोकं आणि पुस्तिका जपायची का? हे तू खोक्यालाच विचारतोस, म्हणजे म्हशीला विचारतोस, दूध चांगलं का! जपायची, जपायचीच. पण उघडायचीही. माझ्या बहिणीसारखं प्लास्टिकमध्ये कोंबून कपाटात उभं करू नका रे. पोटातलं पान कुणी वाचलंच नाही, तर जपून काय लोणचं घालायचंय?

आता माझं कसं चाललंय म्हणतोस? म्हाताऱ्या आईला वाटून घेतात तसं मला वाटून घेतलंय. सहा महिने लेकाच्या काचेच्या कपाटात, सहा महिने लेकीच्या फळीवर. त्याच्याकडे असले की मला कुणी हात लावत नाही. तिच्याकडे असले की दिवसभर गिऱ्हाइकांच्या कुचाळक्या कानावर पडतात. कुठे बरं वाटतं हे मी दोघांनाही सांगत नाही. दोघांनाही वाटतं, आपल्याचकडे. वाटू दे.

आणि कान फाटलाय म्हणून बदलायला काढाल मला, तर आधी घरात कुणाकुणाची पाळी राहिलीय ते विचारा, एवढीच माझी विनवणी.

काय, सगळं खरं वाटलं? सगळं? अगं बाई! मग तर तुझं कठीण आहे. चल, ऊठ, झाकण लावून घेते मी. जा आता.