चंदाची वायर

सानगडीचं इंटरनेट जेव्हा-तेव्हा मान टाकू लागलं, तेव्हा गावाला नेट पुरवणाऱ्या हेमराजने आपला जुना केबलवाल्याचा उपाय काढला. टीव्हीवर मुंग्या आल्या की तो एकेका घराची वायर काढून बघायचा. जिच्यामुळे चित्र साफ होई, ते घर दोषी. आताही चंदाची वायर काढली आणि गावभराचं नेट चालवणारी त्याची मशीन बंद पडायची थांबली. झालं, पोरगी नको त्या साइट उघडते म्हणून त्याने भर बाजारात सांगून टाकलं. बिचारी चंदा घरून एका कंपनीच्या ग्राहकांच्या मेलना उत्तरं देई. उद्यापर्यंत नेट आलं नाही तर तिची नोकरी जाणार होती.

हेमराजची मशीन सांभाळणाऱ्या प्रतिक्षाला हे पटेना. मशीनचं काम ते काय? कोणी साइटचं नाव टाकलं की बाहेरच्या मशीनना विचारून तिचा इंटरनेटवरचा नंबर आणून द्यायचा. नुसतं विचारल्याने मशीन कशी मरेल? हा किडा डोक्यात शिरला आणि तिला जेवण सुचेना. शेवटी ती चंदाकडे गेली आणि नेट जायचं तेव्हा तिने काय उघडलेलं असायचं ते विचारलं. एका ग्राहकाच्या मेलमधली दुकानाची साधी साइट निघाली.

प्रतिक्षाने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मशीनमधलंच जुनं सॉफ्टवेअर टाकून ते नाव विचारलं. बाहेरून उत्तर आलं ते इतकं वेडंवाकडं, की ते वाचता वाचता सॉफ्टवेअर बंदच पडलं. तिला हसू आलं आणि मग रागही आला. या खोटीवर बनवणाऱ्यांनी केव्हाच दुरुस्ती दिली होती. पण चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हा हेमराजचा कायदा.

सकाळी तिने हेमराजलाच त्याच्या मोबाइलवर ते नाव टाकायला लावलं. गावभराचं नेट गेलं आणि त्याचा फोन वाजू लागला.

"भाऊ, आता तुमची वायर कापू का?" प्रतिक्षाने विचारलं.

हेमराज मशीनसमोरून बाजूला झाला. तिने नवीन सॉफ्टवेअर चढवलं, तेच नाव पुन्हा विचारलं. मशीन चालतच राहिली. मग तो शिडी घेऊन चंदाकडे गेला, वायर जोडली आणि खाली उतरून हळूच म्हणाला, चुकी झाली, माफ कर.

चंदा दारातच उभी होती. "बदनामी बाजारात केली भाऊ, अन् माफी घरी येऊन कायले मागता?"

शिडी तिथेच ठेवून हेमराज बाजाराच्या वाटेला लागला.