फोटोखालची तारीख

अभिजितने वडिलांच्या फोटोखाली छापील पट्टी चिकटवली, बोटाने दाबून सारखी केली आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं. 'श्रीपती माने. नौदल, निवृत्त. जन्म १ जून १९५०.' पुढे मृत्यूची तारीख, पंचवीस दिवसांपूर्वीची. पट्टी सरळ बसली होती. वडिलांना वाकडं काही खपत नसे.

आखातातल्या दुखान गावी कंपनीने दिलेल्या घराचा हॉल त्याने मोकळा केला होता. पाच वाजता मंडळी यायची होती. काही इथलीच, काही दोह्याहून गाडीने. गावी दिवसकार्य उरकून तो आईला, सरोजाबाईंना, सोबत घेऊन आला होता. इथल्या मित्रांना म्हसवडला येणं जमलं नव्हतं, त्यांच्यासाठी ही छोटीशी सभा. त्यात मुलाने वडिलांबद्दल बोलायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

तसा एक कागद लिहून खिशात ठेवला होता. उन्हाळ्यात जिथल्या विहिरींचा तळ दिसतो, त्या गावचा माणूस वीस वर्षं समुद्रावर राहिला आणि परत येऊन लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करत बसला; यावर मंडळी हसली असती. पाठच्या चौघांची शिक्षणं, लग्नं त्यांनीच केली. सत्तरी उलटली तरी दुकानाचं शटर सातच्या ठोक्याला वर जायचं. पहाटे चारला उठून स्वतःची चादर स्वतः धुवायचे, अगदी इथे पाहुणे म्हणून आले तरी. 'नौदलाची शिस्त', असं त्याने त्यापुढे लिहिलं होतं.

सगळं खरं होतं. पण तेरा वर्षांचा अभिजित सैनिकी शाळेच्या परीक्षेत पास झाला, तेव्हा याच माणसाने निकालाच्या कागदाची घडी घातली आणि "जायचं न्हाई" एवढंच म्हणून दुकान गाठलं, हेही खरं होतं. कारण त्यांनी कधीच सांगितलं नाही. पोरगा आपल्या तोलाचा नाही, असंच त्यांना वाटलं असणार. चौतीस वर्षं हे त्याच्या पोटात सलत होतं, आणि आज ते पोटात ठेवूनच चांगलं बोलायचं होतं.

सरोजाबाई आतून आल्या. फोटोसमोर थांबल्या आणि नखाने पट्टीचं टोक खरवडू लागल्या.

"आई, काय करतेस?"

"ही तारीख काढ."

"अगं, पासपोर्टवर हीच आहे."

"आसंल. मास्तरांनी घातलेली हाय ती."

"त्या काळी सगळ्यांचीच एक जून असायची."

"दिवसाचं न्हाई म्हणत मी. साल खोटं हाय. वय दोन वर्सांनी वाढवलंय."

सरोजाबाई सोफ्याच्या कडेला टेकल्या.

"बाप गेलेला, पाठीमागं चार भावंडं, घरात दाणा न्हाई. भरतीला पंधराचं पोरगं लागत व्हतं, हे तेराचे. मास्तरांनी दाखल्यावर पंधरा केले आणि दिलं लावून. आत्ता आपली ईशा हाय ना, तेवढे व्हते बघ."

त्याची मुलगी ईशा पलीकडे खुर्च्या मांडत होती. एक खुर्ची तिला उचलत नव्हती म्हणून ती फरशीवरून ओढत नेत होती.

"मला कधी बोलली नाहीस."

"शपथ घातली व्हती. सरकारला कळलं तर पेन्शन बंद व्हईल म्हणून भ्यायचे. आता माणूसच न्हाई." त्यांनी पदर सारखा केला. "तिकडं विशाखापट्टणमला ट्रेनिंगला सहा महिने अंथरूण ओलं व्हायचं त्यांचं. पोरं हसतील म्हणून चारला उठून चादर धुवायचे. ती सवय काय सुटली न्हाई."

अभिजितचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने विचारलं,

"मग माझ्या वेळी?"

"दोन दिवस जेवले न्हाईत. मी म्हणलं, पोराला कारण तरी सांगा. तर म्हणाले, सांगितलं तर त्येला माझी कीव येईल. त्यापरीस राग येऊ दे. पर रातच्याला आपल्या घरात झोपू दे त्येला."

चितेपाशी अभिजितला रडू आलं नव्हतं. आता आलं, तेही लहान पोरासारखं, तोंड उघडं टाकून. सरोजाबाईंनी त्याला गप्प केलं नाही. रडून झाल्यावर त्याने पट्टी काढून टाकली.

पाचला मंडळी आली. हार घातला गेला, उदबत्ती लागली. कुणीतरी म्हणालं, "अभिजित, दोन शब्द बोल." तो उठला. कागद त्याने काढला नाही.

"माझ्या वडिलांनी मला घरी ठेवलं," तो म्हणाला.

मंडळी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. तो आईशेजारी जाऊन बसला.